पॉलिसीत पोराचं नाव नाही

दसरा-धनत्रयोदशीच्या सुमारास वर्धा, हिंगणघाट, आर्वीतल्या शोरूममध्ये हे चित्र हमखास दिसतं. वडील किंमत विचारत असतात, आई रंग पाहत असते आणि नुकताच अठरा पूर्ण झालेला मुलगा कधीचाच स्टिअरिंगवर जाऊन बसलेला असतो. त्याला गाडी 'स्पोर्टी' हवी असते. टर्बो इंजिन, सनरूफ, मागे स्पॉयलर. हप्ता किती, मायलेज किती, पासिंग कधी, एमएच ३२ च्या पुढे आवडीचा नंबर मिळेल का, हे सगळं विचारून होतं. विम्याचा कागद शेवटी पुढे येतो आणि 'फुल इन्शुरन्स आहे ना?' एवढं विचारून त्यावर सही होते. त्या कागदावर चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, वडिलांचं नाव असतं. ती गाडी रोज जो चालवणार आहे, त्याच्याबद्दल मात्र सहसा एक ओळही नसते.

आपल्याकडचा वाहन विमा गाडी ओळखतो, ती चालवणाऱ्याला ओळखत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ठरतो तो आयडीव्ही म्हणजे गाडीच्या विम्यातल्या किमतीवर, इंजिनाच्या सीसीवर, गाडीच्या वयावर आणि गावावर. २००२ च्या जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ शहरं 'अ' विभागात होती आणि बाकी सगळा देश 'ब' विभागात. त्या हिशेबाने १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला पुण्यात ३.२८३ टक्के आणि वर्ध्यात ३.१९१ टक्के दर लागे. दहा लाखांच्या गाडीवर फरक अवघा ९२० रुपयांचा. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना हा दर स्वतः ठरवायची मोकळीक मिळाली, सवलतींची चढाओढ सुरू झाली, पण पाया तोच राहिला. वर्ध्याचा की पुण्याचा, हे विमा विचारतो. अठरा वर्षांचा की अठ्ठेचाळीस वर्षांचा, हे सहसा विचारत नाही.

थर्ड पार्टी विम्यात तर याहून विचित्र गोष्ट आहे. हे दर केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये. शिवाय १८ टक्के जीएसटी. आता ह्युंदाईच्या आय-२० चंच उदाहरण घेऊ. साध्या मॉडेलचं इंजिन ११९७ सीसीचं, ताकद ८३ पीएसच्या आसपास. तिची 'एन लाइन' ही स्पोर्टी बहीण ९९८ सीसीच्या टर्बो इंजिनावर १२० पीएस ताकद देते. म्हणजे जी गाडी जास्त जोरात पळते, तिचा थर्ड पार्टी हप्ता कमी आणि जी शांतपणे चालते तिचा जास्त. टर्बो येण्याआधी सीसी हे ताकदीचं बऱ्यापैकी खरं माप होतं. आज ते राहिलेलं नाही.

दुसरं माप सरकारला ठाऊक नाही असंही नाही. विजेवर चालणाऱ्या कारचा दर त्याच अधिसूचनेत किलोवॉटवर ठरवला आहे. ३० किलोवॉटपर्यंत १,७८० रुपये, ६५ पर्यंत २,९०४ आणि त्यापुढे ६,७१२. एन लाइनचे १२० पीएस म्हणजे साधारण ८८ किलोवॉट. एवढ्याच ताकदीची विजेची कार सगळ्यात वरच्या दरात बसते आणि पेट्रोलची टर्बो सगळ्यात खालच्या दरात. विजेच्या गाडीला ताकदीचं माप लावता येतं तर पेट्रोलच्या गाडीला न लावण्याचं कारण सरकारने सांगायला हवं.

पण हा प्रश्न काही हजार रुपयांचा आहे, असं समजून वर्ध्यातल्या पालकांनी पान उलटू नये. खरी अडचण पुढे आहे.

घरातली गाडी बहुधा वडिलांच्या नावावर घेतली जाते. कर्ज त्यांच्या नावावर मिळतं आणि जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस नव्या गाडीला लावता येतो. पाच वर्षं एकही क्लेम केला नसेल तर ही सूट ५० टक्क्यांपर्यंत जाते, त्यामुळे एजंटही तोच सल्ला देतो. हिशेब बरोबर आहे. मात्र पॉलिसीबरोबर जो १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा येतो, तो 'ओनर-ड्रायव्हर'चा असतो. ज्याच्या नावावर आरसी आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे, त्यालाच तो लागू. मुलगा गाडी चालवत असताना त्याला काही झालं, तर वडिलांच्या नावाचा तो विमा मुलासाठी एक रुपयाही देत नाही.

मग थर्ड पार्टीतून मिळेल का? तिथेही दार बंद आहे. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा खटल्यात सांगितलं. त्यात कर्नाटकातल्या इलकलहून मागून आणलेल्या मोटारसायकलवर निघालेला माणूस रस्त्यात थांबलेल्या बैलबंडीवर आदळून गेला होता. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की चालकाच्या स्वतःच्याच निष्काळजीपणातून त्याचा मृत्यू झाला असेल, तर त्याच्या वारसांना विमा कंपनीकडे भरपाई मागता येत नाही. त्या प्रकरणात कुटुंबाने ८० लाखांचा दावा केला होता. एकूण काय, घरातली सगळ्यात मोठी जोखीम ज्याच्या हातात असते, नेमका तोच विम्याच्या बाहेर राहतो.

आणि मागच्या सीटवर बसलेले मित्र? २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेक वेळा एका वर्षाचा असतो. पहिलं वर्ष संपलं की अनेकजण तो भाग भरतच नाहीत. पोलिसाने अडवलं तर दाखवायला कागद असतो ना, मग झालं. इथे घात होतो. पूर्ण पॅकेज पॉलिसीत खासगी कारमध्ये बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर असते, हे विमा प्राधिकरणाने २००९ च्या परिपत्रकात सांगितलं आणि २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ कायद्यापुरती पॉलिसी आणि पॅकेज पॉलिसी यांतला हाच फरक अधोरेखित केला. पॅकेज संपलं की सोबत बसलेल्या चार जणांच्या डोक्यावरचं छप्परही जातं, आणि त्या चौघांच्या घरी याची कोणालाच कल्पना नसते.

वर्धा जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळीकडून वर्ध्याकडे येणारी एक एसयूव्ही सेलसुऱ्याजवळच्या पुलावरून खाली कोसळली. आत सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी होते. सातही गेले. वेळ साडेअकराच्या सुमाराची होती. विशीच्या आसपासची, आईवडिलांनी डॉक्टर व्हायला पाठवलेली मुलं. पंतप्रधान मदत निधीतून प्रत्येक कुटुंबाला दोन लाख रुपये जाहीर झाले. त्या रात्री नेमकं काय चुकलं याचा निवाडा इथे करायचा नाही, आणि त्या घरांचं दुःख कोणत्याही रकमेत मोजता येणार नाही. पण त्यानंतर जिल्ह्यात पुलाच्या कठड्यांवर जेवढं बोललं गेलं, तेवढं तरुण मुलांच्या हाती गाडी देण्याआधी घराने काय तयारी करावी यावर बोललं गेलं नाही.

सेलसुऱ्यानंतर रस्ते आणखी वेगवान झाले. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. येळाकेळी किंवा विरूळहून वर चढलं की कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा. देशभरात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नोंदीखाली आहेत.

परदेशात गेलेल्या मराठी घरांना तरुण चालकाची जोखीम वेगळ्या रीतीने कळते. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबातलं पोर सतरा वर्षांचं झालं, की घराचा कार विम्याचा हप्ता एकदम वर उडी घेतो. कंपनी घरातल्या प्रत्येक चालकाचं वय विचारते, त्याचे दंड तपासते, शाळेत चांगले गुण असतील तर सूटही देते. सोबतीला कायदा आहे. नवख्या तरुण चालकाने रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी चालवायची नाही, पालक सोबत नसतील तर घरच्या अवलंबितांखेरीज एकच प्रवासी बसवायचा आणि वय एकवीसच्या आत असेल तर नंबर प्लेटवर छोटं लाल चिन्ह लावायचं. हे नियम वाचताना सेलसुरा आठवल्याशिवाय राहत नाही.

ब्रिटनमध्ये विम्यासाठी गाड्यांचेच जोखमीनुसार गट पाडले जातात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने वरच्या गटातली वेगवान गाडी मागितली, तर विम्याचा आकडाच त्याला नाही म्हणतो. गाडीत वेग आणि ब्रेक नोंदवणारी पेटी बसवून घेतली तर हप्ता कमी होऊ शकतो. मुलगा रोज गाडी चालवत असताना वडिलांना मुख्य चालक दाखवणं ही तिथे फसवणूक मानली जाते. आपल्याकडे ती घरोघरची रीत आहे आणि तिच्यात कोणाला काही गैर वाटत नाही, कारण पॉलिसीने कधी विचारलेलंच नसतं.

अठराच्या आतल्या मुलांचं तर विचारायलाच नको. १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले. कोटीहून अधिक किमतीच्या त्या गाडीची नोंदणी अवघे १,७५८ रुपये न भरल्यामुळे अडलेली होती. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ सांगतं की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. विम्याचा भाग मात्र कोणी सांगत नाही. परवाना नसलेल्याने गाडी चालवली, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नामंजूर होतो. रस्त्यावरच्या जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना कंपनी पैसे देते, पण २००४ च्या स्वर्ण सिंग निकालाच्या आधारे ते मालकाकडून वसूल करू शकते. पंधरा-वीस लाखांची वसुली निघाली, तर देवळी-पुलगावकडच्या कपाशीच्या शेतकऱ्याकडे सातबाऱ्याशिवाय दुसरं काय असतं? 'गावातल्या गावात तं चालवते', हे वाक्य त्या वेळी मोटार अपघात न्यायाधिकरणात कामी येत नाही.

यावर उपाय म्हणून तरुणांचा थर्ड पार्टी विमा सरसकट महाग करू नये. देशातल्या निम्म्याहून अधिक गाड्या आजही बिनविम्याच्या धावतात. हप्ता वाढला की ती संख्या वाढेल आणि त्याची झळ रस्त्याने पायी जाणाऱ्यालाच बसेल. बाजारात भाजीचा छोटा हत्ती घेऊन येणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला हौशीच्या टर्बोवाल्याच्या पंगतीत बसवणंही अन्यायाचं होईल. वाढ व्हायची असेल तर खासगी गाडीच्या ताकदीवर व्हावी आणि चालकाच्या वागणुकीवर व्हावी. विमा प्राधिकरणाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्येच वाहतूक नियमभंगाशी जोडलेल्या वेगळ्या हप्त्याची शिफारस केली होती आणि दिल्ली परिसरात प्रयोग सुचवला होता. जुलै २०२२ पासून गाडी किती आणि कशी चालते यावर हप्ता ठरवायची परवानगीही कंपन्यांना आहे. ई-चालान मोबाइलवर येतंच. ते हप्त्याशी जोडायला आता नवं यंत्र शोधावं लागणार नाही. प्रपोजल फॉर्मवर 'गाडी मुख्यतः कोण चालवणार आणि त्याचं वय काय' हा रकाना सक्तीचा केला, तर निदान प्रत्येक घरात तो प्रश्न एकदा तरी मोठ्याने विचारला जाईल.

सरकार हलेपर्यंत घराने थांबायचं कारण नाही. मुलाचा परवाना पक्का असेल आणि गाडी खरोखर तोच चालवणार असेल, तर ती त्याच्या नावावर घ्यावी. नो क्लेम बोनसचे काही हजार जातील, पण १५ लाखांचं संरक्षण ज्याला हवं त्याला मिळेल. गाडी वडिलांच्याच नावावर ठेवायची असेल, तर मुलाच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी काढावी. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे सरल सुरक्षा विमा या नावाने एकसारखी पॉलिसी मिळते, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. तेही जमत नसेल तर बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. अठरा ते सत्तर वर्षांच्या खातेदाराच्या अपघाती मृत्यूनंतर तिच्यातून घरच्यांना दोन लाख मिळतात. दुसऱ्या वर्षी पॅकेज पॉलिसी सोडू नये. मोठे टायर लावले, सायलेन्सर बदलला, तर असे बदल नियमात बसतात का ते पाहावं आणि कंपनीला लेखी कळवावं, कारण न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो.

येत्या धनत्रयोदशीला सही करण्याआधी एजंटाला समोर बसवून एकच प्रश्न विचारा: ही गाडी चालवताना माझ्या पोराला काही झालं, तर या कागदावर त्याच्यासाठी किती लिहिलंय? उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीतली ओळ बोट ठेवून दाखवायला सांगा.