जुन्याला जुने म्हणणारे दुकान



व्यापारी घरात पुढच्या पिढीने स्वतःच्या हिमतीवर नवा धंदा उभा करावा, यासारखा आनंद नाही. पण त्या धंद्याचे नाव घेताना वडिलांना संकोच वाटावा, यासारखा सलही नाही. आमच्या कल्याणच्या एका स्नेह्यांच्या घरी गतवर्षी असेच घडले. बाजारपेठेत त्यांचे तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान आहे. कन्या वाणिज्य शाखेची पदवीधर, हिशेबात चोख. तिने ठाण्यात दुकान थाटले, आणि तेही जुन्या, वापरलेल्या कपड्यांचे! दुकान उघडून आठ महिने लोटले, तरी शेठजींनी तिथे पाऊल ठेवले नव्हते. "आजोबांनी कोरे कापड विकले, वडिलांनी कोरे विकले, मी कोरे विकतो. आणि माझी मुलगी लोकांची उतरण विकणार?" इतके बोलून ते विषय बदलत. दोघांच्या संमतीने हे लिहीत आहे; नावे मात्र मुद्दाम दिलेली नाहीत.

'उतरण' या शब्दाचा डंख आपल्या पिढीला ठाऊक आहे. जुना कपडा एकतर गरजूला द्यायचा, नाहीतर बोहारणीला. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारी आळीत येई. आई-काकू जुन्या साड्या-सदऱ्यांचा ढीग पुढे टाकत आणि एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चाले. ते कपडे पुढे धुऊन, ठिगळे लावून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकले जात. म्हणजे हा व्यापार आपल्या उंबरठ्यावरूनच सुरू होत होता. फक्त आपण त्याला व्यापार म्हणत नव्हतो.

आश्विनातल्या एका दुपारी मी हट्टाने शेठजींना घेऊन निघालो. कल्याणहून जलद लोकलने ठाणे. गाडीत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. गोखले रस्त्याची गर्दी ओलांडून आम्ही राम मारुती रस्त्यामागच्या एका गल्लीत शिरलो. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ते दुकान. दारावर रेल्वे स्थानकाच्या नावाच्या फलकासारखी पिवळी पाटी आणि तिच्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत एकच शब्द : 'जुने'.

आत गेल्यावर क्षणभर आपण दुकानात आहोत की कोणाच्या माळ्यावर, हेच कळेना. शिवणयंत्राच्या दोन लोखंडी सांगाड्यांवर वाड्याचा जुना दरवाजा आडवा टाकून त्याचे टेबल केले होते, कडी-कोयंडा तसाच. कपडे घालून पाहण्याची खोली म्हणजे पाठ काढून टाकलेले सागवानी कपाट, आणि त्याला पडदा गोधडीचा. केशकर्तनालयातला एक भला मोठा आरसा भिंतीला टेकून उभा होता. शिंप्याच्या लाकडी धडाला जरीचा फेटा बांधलेला. साड्या मांडणीवर नव्हत्या. त्या उघड्या पत्र्याच्या ट्रंकांत मलमलीवर ठेवल्या होत्या. आणि छताला स्टीलची पातेली, तांबे, डबे टांगलेले. प्रत्येकाला एक कार्ड : 'दोन रेशमी साड्या व एक कोट यांच्या बदल्यात', 'चार धोतरे व शालीच्या बदल्यात'. गिऱ्हाईक हसत वर पाही आणि मग गप्प होई.

मीही गप्प झालो. आमच्या मातोश्रींचा लग्नातला शालू आम्ही जर विकत घेणाऱ्याला वजनावर दिला होता. असे शालू जाळून त्यातली चांदी काढून घेत. पैसे किती आले, ते आज आठवत नाही. शालूचा डाळिंबी रंग मात्र आठवतो.

शेठजींचे लक्ष भिंतीकडे गेले होते. तिथे खिळ्यावर एक लाकडी गज टांगलेला होता. ते जवळ गेले, त्यावरून बोट फिरवले. "हा तर आपला."

"हो पप्पा. माळ्यावर पडला होता. तुम्हीच टाकून दे म्हणाला होतात."

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर वाराची जागा हळूहळू मीटरने घेतली आणि असे गज घरोघरच्या माळ्यांवर गेले. शेठजींनी तो खाली काढून पाहिला. "याच्या टोकाला पितळेची टोपी होती. ती कुठे गेली?" दुकानात शिरल्यापासूनचे कन्येशी त्यांचे हे पहिले संभाषण.

मग त्यांनी माल पाहायला सुरुवात केली. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. एका ट्रंकेत न शिवलेला सूटपीस होता. लग्नात आहेर म्हणून आलेला आणि कपाटातच राहून गेलेला, असा तो दिसत होता. किनारीवर रेमंडचे नाव. "ठाण्याची लोकर," ते म्हणाले. रेमंडची गिरणी ठाण्यात १९२५ साली सुरू झाली, १९४४ मध्ये कैलाशपत सिंघानिया यांच्याकडे आली, आणि आज त्या जमिनीवर निवासी संकुले उभी आहेत. आपल्या या परिसराची ओळखच कापडाची. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या बंदरातून जाणाऱ्या मालात कापडाची नोंद केली आहे. अलीकडच्या काळात ठाण्यात लोकर, भिवंडीत यंत्रमाग, शहाड आणि मोहन्याला रेयॉन, उल्हासनगरात तयार कपडे. गिरण्या बंद पडतात, यंत्रे भंगारात जातात. पण तिथले कापड कोणाच्या तरी कपाटात तग धरून असते. हा इतिहास सांगणारी वस्तू शेवटी कपडाच उरतो.

शेठजी आता खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यातला व्यापारी जागा झाला होता.

"माल कुठून येतो?"

"घराघरांतून. फोन येतो, मी जाऊन बघते आणि रोख किंमत देते."

"गेलेल्या माणसांचे कपडेही घेतेस?" त्यांच्या मनातला खरा काटा हाच असावा.

ती डगमगली नाही. "घरच्यांनी मनापासून दिले तर घेते पप्पा. पण कार्डावर तसे लिहिते. ज्याला चालते तो घेतो, ज्याला नाही तो ठेवून देतो. लपवत नाही."

"आणि जीएसटी?"

"जुन्या मालाला मार्जिनची पद्धत आहे. मी खरेदीवर क्रेडिट घेत नाही. विक्रीतून खरेदी वजा करून जो फरक उरतो, त्यावरच कर. फरक उणे आला तर तो शून्य धरायचा. फक्त मालाचे स्वरूप बदलायचे नाही. धुणे, रफू इतके चालते."

शेठजींनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत, पण हे उत्तर त्यांना आवडले होते.

आणि नेमका इथे प्रसंग आला. दरवाज्याच्या टेबलावर एक जांभळी जरीकाठी नऊवारी वेगळी काढून ठेवली होती. कार्डावर लिहिले होते : 'शुद्ध रेशीम, खरी जर, ₹ ९,५००'. डोंबिवलीच्या एका तरुणीने एक हजार रुपये आगाऊ देऊन ती राखून ठेवली होती. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुण मुले-मुली पारंपरिक वेशात जमतात, हे आपण जाणताच. त्या सकाळसाठी तिला ती हवी होती. संध्याकाळी ती न्यायला येणार होती.

शेठजींनी पदर हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे रेशीम नाही."

कन्येचा चेहरा उतरला. "पप्पा, ज्यांनी दिली त्या आजींनी सांगितले, त्यांच्या सासूबाईंची रेशमी नऊवारी आहे."

"एका वाटीत पाणी आण."

त्यांनी पदराच्या मोकळ्या दशीतून एक धागा ओढून काढला. दुसरा एका जुन्या रेशमी खणाच्या कडेचा घेतला. दोन्ही पाण्यात भिजवले आणि एकेक करून ताणले. खणाचा धागा टिकला. साडीचा धागा जरा ओढताच तुटला. "रेयॉन ओले झाले की दुबळे होते. रेशीम इतके होत नाही. विस्तवावर धरलेस तर रेशमाला केस जळल्याचा वास येईल, याला कागद जळल्याचा. कारण हे लाकडाच्या लगद्यापासून केलेले सूत आहे." मग काठावरची जर त्यांनी नखाने हलकेच खरवडली. आतून तांबूस रंग डोकावला. "खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. ही तांब्याची."

त्या आजी खोटे बोलल्या नव्हत्या. आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम. मध्यमवर्गीय घरांतली किती लग्ने त्यावर लागली असतील! सासूने सुनेला रेशीम म्हणून दिले, सुनेने ते रेशीम म्हणून जपले. ज्या घरांत जीवहिंसेमुळे रेशीम वापरत नाहीत, तिथे तर याच साडीला मान. वस्त्र खोटे नव्हते. कार्ड खोटे होते.

"मी चार हजारांना घेतली," ती हळूच म्हणाली. "आजींकडे परत जाऊ?"

"नाही. घेताना पारख घेणाऱ्याने करायची असते. तो तोटा तुझा."

एवढ्यात ती तरुणी आलीच. त्या क्षणी दुकानात माझे लक्ष कोणाकडे होते, तर शेठजींकडे. ते काही न बोलता बाजूला सरकले. साडी सुंदर होती, गिऱ्हाईक समोर होते, पैसे तयार होते आणि त्या मुलीला रेशीम-रेयॉनातला फरक कदाचित कधीच कळला नसता. कन्येने साडी उघडण्याआधीच सांगितले, "ताई, माझी चूक झाली. हे रेशीम नाही, आर्ट सिल्क आहे. जरही खरी नाही. तुम्हाला हवी असेल तर दीड हजारात देते, नको असेल तर तुमचे हजार रुपये परत."

मुलगी हिरमुसली. तिला रेशीमच हवे होते. थोडा वेळ घुटमळून तिने पैसे परत घेतले आणि गेली. मला वाटले होते की हा प्रामाणिकपणा पाहून ती दुसरे काही तरी घेईल. तसे झाले नाही. विक्री गेली ती गेलीच.

कन्या टेबलाच्या कडीशी चाळा करीत उभी राहिली. शेठजी म्हणाले, "चला, दीड हजारात गेली तरी फरक उणेच. हिच्यावर जीएसटी नाही!" आणि आठ महिन्यांनंतर बापलेक एकमेकांकडे पाहून हसले.

मग त्यांनी खिशातले पेन काढून नवे कार्ड स्वतः लिहिले : 'आर्ट सिल्क. रेशीम नाही. जर तांब्याची. काठ सुस्थितीत. ₹ १,५००'. गोलसर, जुन्या वळणाचे ते अक्षर चोपडीत शोभणारे.

वाचकहो, उतरण हा शब्द हलका का वाटतो, याचा मी परतताना विचार करीत होतो. जुने वापरणे कमीपणाचे नाही. दागिने आपण जुनेच जपतो, घर जुने झाले तर त्याला वाडा म्हणतो. कमीपणा असतो तो जुन्याला नवे, रेयॉनला रेशीम म्हणून खपवण्यात. आणि तो तर कोऱ्या कापडाच्या दुकानातही घडू शकतो. माल कोरा की वापरलेला, यावर पेढीची अब्रू ठरत नाही. त्यावर लावलेले कार्ड खरे आहे की नाही, यावर ठरते.

जाता जाता त्या कन्येने सांगितलेल्या चार गोष्टी घरातल्या पेट्यांसाठी. जरीची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, स्वच्छ मलमलीत गुंडाळावी. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर त्याच मोडीवर जर आणि पोत चिरतो. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर जरीला लागू देऊ नये. आणि पाचवी माझी : प्रत्येक साडीसोबत एक चिठ्ठी ठेवावी, कोणाची, कोणत्या प्रसंगाची, कोठे घेतलेली. पुढच्या पिढीने ती विकली, दिली किंवा नेसली, तरी तिला काय हातात आहे ते कळेल. आमच्या शालूसोबत अशी चिठ्ठी असती, तर तो वजनकाट्यावर गेला नसता.

निघताना शेठजींनी गज पुन्हा खिळ्यावर लावला, दाराबाहेर आले आणि वळून विचारले, "भाडे किती देतेस? डिपॉझिट?" आकडा ऐकून म्हणाले, "जास्त आहे. पुढच्या करारात मला विचार."

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. दिवा गेले, डोंबिवली गेली. ते पुन्हा खिडकीबाहेर पाहत होते. कल्याण जवळ आले, तसे म्हणाले, "सोमवारी आमचे दुकान बंद असते. त्या दिवशी ती माल बघायला जाते का, एवढे जरा तुम्हीच विचाराल का?"