घरांतील हास्य

भंडाऱ्याकडील खडी गंमत ज्यांनीं पाहिली, त्यांस हास्याचे गुण सांगावयास नकोत. धानाच्या कापणीनें शिणलेलीं माणसें मंडईच्या रात्रीं पोट धरून हंसतात. हंसतांना श्वास खोल जातो, मागाहून स्नायू सैल पडतात. डॉ. मदन कटारिया यांनीं १९९५ सालीं मुंबईंतील एका बागेंत पांच जणांनिशीं हास्यमंडळ आरंभिलें. विनोद सरले, तेव्हां विनोदावांचूनच हंसण्याची रीत त्यांनीं घातली.

आमची अडचण निराळी. वर्गांत हंसणारास आम्ही बाकावर उभें करीत असूं. आतां आम्ही पंक्तीस बसलों कीं नातवंडें गप्प होतात. परवां आम्ही सदरा उलटा घालून पानावर बसलों. सर्वांनीं पाहिलें, कोणी हंसलें नाहीं. शेवटीं आम्हीच हंसलों, तेव्हां धाकट्या नातवास हंसतां हंसतां ठसका लागला.