सत्रान्ताचे 'येते'

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकून परतणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरोपलेखन हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावा, इतके त्याचे संकेत पक्के झाले आहेत. शेवटचा आठवडा, भरून न मिटणारी बॅग, एकेकाळी अनोळखी वाटलेल्या आणि आता पाठ झालेल्या गल्ल्या, मित्रांची गळाभेट, विमानतळ आणि अखेरीस 'मी आता पूर्वीचा राहिलो नाही' ही कबुली. या लेखनाच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला शंका नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. हा प्रकार जवळजवळ नेहमी जाणाऱ्याच्याच हातून लिहिला जातो. निरोप मात्र दोघांमध्ये घडतो. जो मागे राहतो, ज्याने दार उघडले आणि पुन्हा लावून घेतले, त्याचा निरोप कोणी लिहीत नाही. मराठीच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे लक्ष द्यावे असे एक खास कारण आहे, आणि त्यासाठीच हे टिपण.

आधी थोडा इतिहास. पदवीच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांना परदेशी धाडण्याची अमेरिकेतली पद्धत १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाने सुरू केली असे मानतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये राहून आलेले तरुण प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, फुलब्राइट शिष्यवृत्त्यांचा कायदा झाला. युरोपात १९८७ साली इरॅस्मस योजना आली, आणि पुढे सत्रापुरते परदेशी राहणे ही तिथल्या एका अख्ख्या पिढीची सामाईक आठवण झाली. बार्सिलोनातल्या एका सदनिकेत राहणाऱ्या अशाच विद्यार्थ्यांवर सेड्रिक क्लापिश या फ्रेंच दिग्दर्शकाने २००२ साली चित्रपट काढला, तो याच आठवणीच्या बळावर लोकप्रिय झाला. या सर्व योजनांमध्ये एक गोष्ट समान आहे. निर्वासित, स्थलांतरित किंवा सासरी जाणारी मुलगी यांच्या निरोपाहून सत्राचा निरोप निराळा असतो, कारण त्याची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली असते. परतीचे तिकीट आधी निघते, ओळखी नंतर होतात.

आता मराठीशी असलेला संबंध. 'असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट' या अमेरिकी महाविद्यालयांच्या संघाचा कार्यक्रम पुण्यात अनेक दशके चालला. हे विद्यार्थी मराठी कुटुंबांत राहत, मराठी शिकत, एखादा विषय निवडून त्यावर स्वतंत्र संशोधन करीत आणि सत्र संपले की परत जात. कार्लटन महाविद्यालयाच्या एलिनॉर झेलिएट यांच्यासारख्या आंबेडकरी चळवळीच्या इतिहासकार या कार्यक्रमाशी निगडित होत्या. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासह परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके केली. त्यांचे मराठी संदर्भव्याकरण १९७५ सालचे आहे. तात्पर्य, 'परदेशातले सत्र' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिस किंवा लंडन येते. पण कुणाचे तरी परदेशातले सत्र सदाशिव पेठेत, डेक्कनवर किंवा कोथरुडातही पार पडलेले असते. त्या सत्राचा निरोप मराठीतून झालेला असतो.

आणि निरोपाच्या बाबतीत मराठीचे काही आग्रह आहेत. परभाषक विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात 'येणे' आणि 'जाणे' ही क्रियापदे शिकतो. 'मी बाजारात जाते', 'ती घरी येते', हे त्याला नीट जमू लागते. मग पाहुणा म्हणून कुठून उठताना तो व्याकरणाला धरून म्हणतो, 'मी जातो', आणि घरातले वडीलधारे माणूस लगेच दुरुस्त करते, 'जातो म्हणू नये, येतो म्हणावे.' व्याकरणाने बरोबर असलेले वाक्य व्यवहाराने चूक ठरते. दिवा विझत नाही, मालवतो किंवा शांत होतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. डब्यातले तांदूळही संपत नाहीत, वाढतात. अशुभ टाळणाऱ्या शब्दांच्या या कुळातलेच 'येतो' हे एक. मात्र त्याचे वेगळेपण असे की त्याला उत्तर असते. पाहुणा 'येतो' म्हणाला की यजमान 'या' म्हणतो. धाकट्याला 'ये हं' म्हणतो. एका बाजूने वचन, दुसऱ्या बाजूने आमंत्रण, आणि प्रत्यक्षात मात्र एकजण दाराबाहेर पडत असतो. पाय निघत असताना तोंडाने येण्याची भाषा बोलायची, हा आपल्या निरोपाचा रिवाज आहे.

आमच्या परिचयातल्या एका घरी असे विद्यार्थी वर्षानुवर्षे राहून गेले. तिथल्या काकू प्रत्येकाच्या तळहातावर दही घालीत आणि मुलींची ओटी भरीत. ओटीतले चिमूटभर तांदूळ घरातच ठेवून जायचे, ही त्यांच्या माहेरची रीत त्या परदेशी मुलींनाही पाळायला लावीत. नारळ विमानात कसा न्यायचा, हा दरवर्षीचा प्रश्न. बहुधा तो आदल्या रात्रीच फोडून त्याच्या वड्या होत. काकूंना आम्ही एकदा विचारले, की इतक्यांना निरोप देऊन शेवटी त्रास होणे बंद झाले असेल ना? त्या म्हणाल्या, 'त्यांचा एकदाच होतो हो, माझा दर सहामाहीला होतो.' सत्रान्ताच्या निरोपाविषयी इतके नेमके वाक्य आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही. जाणाऱ्याच्या आयुष्यातली ही अपूर्व घटना मागे राहणाऱ्याच्या घरी पुनरावृत्ती असते, आणि पुनरावृत्तीला साहित्यात सहसा जागा मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा सारा भावनेचा अतिरेक आहे. विद्यार्थी शुल्क भरून येतो, घराला राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात, मुदत संपली की व्यवहार संपतो. मग 'येते' म्हणणे हे एक गोड खोटेच नाही काय? हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण बहुसंख्य विद्यार्थी परत येत नाहीत हे उघड आहे. पण शब्द खरा की खोटा हे ठरवण्याआधी, तो खरा कसा होतो हे पाहावे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली डॉ. आंबेडकरांना लंडन सोडावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. बडोद्यात राहायला जागाही न देणाऱ्या जातिव्यवस्थेचा अनुभव घेऊन, मुंबईत प्राध्यापकी करून, पै-पै जोडून ते १९२० साली लंडनला परतले आणि १९२३ साली डी.एस्‌सी. झाले. इथे 'येतो' हा शब्द रिवाजाचा नव्हता. त्याची किंमत तीन वर्षे मोजली गेली.

दुसरे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना घरी ठेवून घेतले. आधी पत्रांतून जुळलेले हे नाते मावशी-भाचीचे झाले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन आनंदीबाई परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी येथे ठेवल्या गेल्या. ज्या घराचा निरोप घेतला, त्या घराकडे माणूस अशा रीतीनेही परत जाते. आनंदीबाईंचे चरित्र सांगताना आपण जाण्याचे धैर्य सांगतो, मृत्यूचे कारुण्य सांगतो. एका परक्या घराने त्यांना शेवटपर्यंत आपले मानले, हा भाग मात्र ओझरताच येतो.

उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. बर्नसन फलटणच्या झाल्या, गेल ऑम्व्हेट कासेगावच्या झाल्या. ॲन फेल्डहाऊस वारंवार येत राहिल्या, आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासह केलेला त्यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली निघाला. तरीही, परत आलेल्या मोजक्या माणसांवरून या प्रश्नाचा निकाल लावणे आम्हांला योग्य वाटत नाही. जे येणार नाहीत, ज्यांनी येऊ नये असेही म्हणता येईल, कारण त्यांचे आयुष्य दुसरीकडे आहे, त्यांच्या 'येते'चे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आमच्या मते 'निरोप' या शब्दातच आहे. मराठीत निरोप घेतला जातो, दिला जातो, आणि निरोप पाठवलाही जातो. विदाई आणि सांगावा या दोन्ही अर्थांसाठी आपण एकच शब्द वापरतो. जाणाऱ्याने मागे काही सांगून जावे आणि पुढे कुणाला तरी काही सांगावे, अशी अपेक्षा त्यातून निघते. या कसोटीवर परदेशातल्या सत्राकडे पाहिले तर एक उणीव ठळक दिसते. सत्राच्या अखेरीस विद्यार्थी जो शोधनिबंध लिहितो तो इंग्रजीत असतो आणि त्याच्या महाविद्यालयात जमा होतो. मंडईतल्या ज्या भाजीवालीने तीन दुपारी त्याच्या मोडक्या मराठीला उत्तरे दिली, ज्या म्हातारीने आठवून आठवून जात्यावरच्या ओव्या सांगितल्या, तिला त्यातले अक्षर कळत नाही. तिच्यापर्यंत 'येते' पोहोचते, निरोप पोहोचत नाही. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या निबंधाचे एक पान मराठीत लिहावे आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचून दाखवावे, एवढी अट कोणत्याही अभ्यासक्रमाला घालता येईल. ते पान अशुद्ध असेल. ऐकणारी माणसे त्यातल्या चुका काढतील, 'मी असे म्हटलेच नव्हते' असेही सांगतील. ते ऐकून घेणे हा निरोपाचा भाग मानला पाहिजे.

ही अपेक्षा परक्यांकडूनच करावी असे नाही. आज आपले विद्यार्थी जर्मनीत, फ्रान्समध्ये सत्रासाठी जातात, आणि परतल्यावर जे लिहितात त्यात ते स्वतःच असतात. ज्या घरमालकिणीने त्यांना कचऱ्याचे वर्गीकरण शिकवले, ज्या वर्गमित्राने त्यांचे जर्मन न हसता ऐकून घेतले, त्यांना त्या लेखनात नावापुरतीही जागा नसते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे जगभरच्या विद्यार्थ्यांना सत्र अर्धवट टाकून काही दिवसांत परतावे लागले. अभ्यास पुढे संगणकाच्या पडद्यावर पुरा झाला, गुणही मिळाले. राहून गेला तो निरोप, आणि त्याची हळहळ अनेकांना नंतर लागून राहिली. निरोप हा सत्राचा शिष्टाचार नसून त्याचा एक घटक आहे, याचा याहून वेगळा पुरावा शोधायला नको.

एक अडचण मात्र आपल्या घरची आहे. मराठी शिकायला आलेला पाहुणा मराठीत विचारतो आणि घर त्याला इंग्रजीत उत्तर देते, असे चित्र पुण्यात सर्रास दिसते. त्यामागे आदरातिथ्य असते, थोडी हौस असते, थोडा न्यूनगंडही असतो. निघताना तो 'येतो' म्हणायला तोंड उघडतो आणि दारातली मंडळी 'बाय' म्हणून हात हलवतात. ज्या शब्दाचे उत्तरच त्या घरात उरलेले नाही, तो शब्द त्याने कशासाठी शिकावा? आमच्या स्वतःच्या वर्गांतही सत्र संपते तेव्हा 'बाय सर' ऐकू येते. त्याबद्दल आमची विद्यार्थ्यांवर तक्रार नाही, कारण 'येतो'ला 'या' म्हणण्याची जबाबदारी शिक्षकाची आणि यजमानाची आहे.

भाषा शिकवणाऱ्यांच्या हाती पाहुण्याचे परत येणे नसते. तो जाताना काय म्हणेल आणि त्याला काय उत्तर मिळेल, एवढे आपल्या हाती असते. परभाषकाला मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक पुस्तकात 'येते'चा धडा असावा, आणि त्याच धड्यात, समोरच्या पानावर, 'ये हं' हे उत्तरही असावे. ते उत्तर पाहुण्याने एकदा पाठ करायचे आहे. आपण मात्र ते दर सहामाहीला, प्रत्येकाला, म्हणायचे आहे.