परसातली कांतीण

मुलांनो, घरात कोळी दिसला की तुमच्याकडे आधी काय शोधतात? केरसुणी! आणि कोळी तळहाताएवढा असला तर? मग नुसती केरसुणी पुरत नाही. काठी, रॉकेल, चूड असा सगळा सरंजाम निघतो. आमच्याकडेही तो निघाला होता.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला होते. त्याआधीचे चार-पाच दिवस म्हणजे झाडलोटीचे. सकाळी आमची थोरली कळशी घेऊन विहिरीकडे निघाली आणि वाटेतच थबकली. पोफळीपासून न्हाणीघराच्या वाशापर्यंत भलंमोठं जाळं, आणि मधोमध डोकं खाली करून बसलेली काळी-पिवळी कोळीण!

"आत्ताच्या आत्ता जाळून टाका," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना राग यायला कारणही होतं. दोनच दिवसांपूर्वी धाकट्याच्या मानेवर लालभडक चट्टा उठला होता. भाजल्यासारखा, वर बारीक बारीक फोड. पोर रात्रभर रडत होतं. आमच्याकडे याला 'कांतीण फुटली' म्हणतात. कांतीण म्हणजे कोळीणच. कातते ती कांतीण. किती छान नाव आहे, नाही? पण ती अंगावरून फिरली किंवा मुतली की असा चट्टा उठतो, अशी जुनी समजूत. आणि आता तीच परसात ठाण मांडून बसलेली!

मुलांच्या काकांनी चूड हातात घेतली. थोरली आडवी उभी राहिली.

"आजी, ही जाळं सोडून कुठे जात नाही. मग घरात येऊन याच्या मानेवर कशी फिरली?"

प्रश्न बिनतोड होता. शेवटी ठरलं की आधी धाकट्याला डॉक्टरांना दाखवायचं, चुडीचं मग बघू.

डॉक्टरांनी चट्टा पाहिला आणि धाकट्याला विचारलं, "रात्री दिव्याखाली बसला होतास ना?" तो बसला होता, मखराचे कागद कापत. पावसाळ्यात दिव्यावर एक किडा येतो. सेंटिमीटरभर लांबीचा, मुंगीसारखा दिसणारा, अंगावर काळे-नारिंगी पट्टे. शास्त्रीय नाव पेडेरस. तो चावत नाही की डंख मारत नाही. पण मानेवर काही वळवळलं म्हणून आपण त्याला चिरडलं, तर त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो. खरी गंमत पुढेच आहे. चट्टा लगेच उठत नाही, साधारण दिवसभरानं उठतो. तोवर किडा कोण लक्षात ठेवणार? मग कोपऱ्यात दिसेल त्या कोळ्यावर आळ!

म्हणून असा किडा अंगावर आला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका. चिरडलाच, तर ती जागा लगेच साबणानं धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

त्या रात्री ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर तसले दोन किडे सापडले. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले. "ही तर मुंगीच वाटते," म्हणाल्या, आणि चुडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता आपल्या पाहुणीविषयी. तिचं इंग्रजी नाव जायंट वूड स्पायडर, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात आणि त्यानंतर ती हमखास दिसते. मादीचं नुसतं शरीर ३ ते ५ सेंटिमीटर, पाय वेगळेच. नर मात्र जेमतेम अर्धा सेंटिमीटर! जाळ्यातले मधून बाहेर जाणारे धागे चिकट नसतात. चिकटतो तो गोल गोल फिरणारा धागा. उन्हात हे जाळं सोन्यासारखं पिवळं चमकतं. तिची नजर कमजोर. जाळ्यात काय अडकलं ते तिला धाग्यांच्या थरथरीवरून कळतं. तिला हातात पकडलं तर ती चावू शकते, पण माणसाच्या जिवाला तिच्यापासून धोका नाही. आपण होऊन ती आपल्या वाटेला येत नाही.

आपणच तिच्या वाटेला जात होतो, हा मात्र पेच होता. पाणी भरताना जाळं तोंडावर यायचं. सासूबाईंनी अट घातली, "हंड्यावर धागा लोंबायला नको." मग काकांनी कपड्यांची दोरी पलीकडे बांधली, विहिरीची वाट चार पावलं वळवली, आणि अंधारात कुणी घुसू नये म्हणून जाळ्यापासून हातभर अलीकडे काठी रोवून लाल चिंधी लावली. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना कांतीण दाखवायला सासूबाईच पुढे!

तिच्या मादागास्करमधल्या भाऊबंदांच्या धाग्यांचा एक झगाही विणला गेला आहे, ठाऊक आहे? १० लाखांहून जास्त कोळिणींचा धागा त्याला लागला. धागा काढून त्यांना पुन्हा सोडून देत. न रंगवता सोनेरी असलेला तो झगा २०१२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडला होता. एका झग्यासाठी एवढा खटाटोप! मला तर आमच्या पोफळीवरचं जाळंच जास्त आवडतं.

तुमच्या परसात असं जाळं असेल तर सकाळी कोवळ्या उन्हात, दोन हात दूर उभं राहून बघा. मादीच्या आसपास एखादा पिटुकला तांबूस नर आहे का ते शोधा. आमच्या थोरलीला तीन सापडले होते. चांदीच्या थेंबासारखे चकाकणारे ठिपके दिसले, तर ते नर नव्हेत हं. ते दुसऱ्याच जातीचे इवले कोळी, मादीच्या जाळ्यात अडकलेली चिलटं पळवणारे चोर! त्यांची चोरी पकडायची असेल तर मात्र बराच वेळ न हलता उभं राहावं लागतं.