जोडपत्रातले हेर

पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांची हत्या झाली. त्यानंतर आठवडाभरातच सरकारी अधिकाऱ्यांच्या ईमेलवर एक पीडीएफ येऊ लागली. विषय होता, हल्ल्यानंतर सरकारने केलेली कार्यवाही. त्या दिवसांत अशी फाइल कोण उघडणार नाही? तिच्यातली लिंक जम्मू-काश्मीर पोलिसांच्या नावाने थाटलेल्या बनावट संकेतस्थळावर नेई आणि तिथे शासकीय ईमेलचा पासवर्ड मागितला जाई. सोबत पॉवरपॉइंटची एक फाइलही फिरत होती. तिच्यातला मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये दडवलेली छोटी आज्ञावली, चालला की ‘क्रिमसन रॅट’ हा हेर संगणकात ठाण मांडून पडद्याची छायाचित्रे आणि फाइली बाहेर धाडू लागे. पुण्याच्या क्विक हीलच्या ‘सेक्राइट’ प्रयोगशाळेने हा डाव उघड केला आणि त्यामागे पाकिस्तानशी जोडली जाणारी ‘एपीटी-३६’ ऊर्फ ‘ट्रान्स्परंट ट्राइब’ ही टोळी असल्याचे सांगितले.

असे काही घडले की आपल्याकडे परिपत्रक निघते: अनोळखी ईमेल उघडू नयेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आवक विभागातल्या लिपिकाचे कामच मुळी अनोळखी टपाल उघडण्याचे. नागरिकाचा अर्ज, ठेकेदाराचे देयक, वकिलाची नोटीस हे सारे अनोळखी पत्त्यांवरूनच येते. शिवाय ‘अतितातडीचे’ असा शेरा मारून खासगी जीमेलवरून आदेश धाडण्याची आणि सही-शिक्क्याचे स्कॅन व्हॉट्सॲपवर ढकलण्याची सवय वरिष्ठांनीच लावलेली. अस्सल पत्रच असे येत असेल, तर नक्कल ओळखायची कशावरून?

शत्रूचा अभ्यास मात्र पक्का आहे. सरकारी ईमेलच्या सुरक्षेसाठी ‘कवच’ हे ॲप आले, तर २०२२ मध्ये याच टोळीने बनावट ‘कवच’ पसरवले. सी-डॅकने घडवलेली ‘बॉस’ ही स्वदेशी लिनक्स प्रणाली सरकारी कचेऱ्यांत रुजू लागली, तर २०२५ मध्ये तिच्यासाठीही सापळा तयार झाला. झिप फाइलमध्ये बैठकीचे पत्र; नाव आणि चिन्ह पीडीएफचे, प्रत्यक्षात ती आज्ञा चालवणारी ‘डेस्कटॉप’ फाइल. दोनदा क्लिक केले की मागच्या दाराने घातक प्रोग्राम उतरे आणि त्याच वेळी ब्राउझरमध्ये खरोखरच एक पीडीएफ उघडे. माणूस ती वाचून पुढच्या कामाला लागे. संशय यावा असे समोर काहीच नसे.

तेव्हा फाइल उघडली जाणारच, हे धरूनच कचेरीची मांडणी करावी लागेल. बाहेरून येणारे टपाल मुख्य जाळ्यापासून तोडलेल्या संगणकावर उघडावे. आलेल्या फाइलींतले मॅक्रो सरसकट बंद असावेत. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींसाठी ते आपणहून बंद केले, पण चोरीच्या किंवा वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या ऑफिसला त्याचा काय उपयोग? वर्डमधल्या समीकरणे लिहिण्याच्या जुन्या सुविधेतील भोक नोव्हेंबर २०१७ मध्ये बुजवले गेले. तरी ‘साइडवाइंडर’ ही टोळी २०२४ मध्येही दक्षिण आशियातल्या कचेऱ्यांत त्याच भोकातून शिरत होती. (ही टोळी भारतीय असल्याचा परदेशी अभ्यासकांना संशय आहे; तेव्हा हा खेळ एकतर्फी आहे, असे कुणी मानू नये.) इतक्या वर्षांत एक दुरुस्ती संगणकावर चढली नसेल, तर तो दोष लिपिकाचा नव्हे. तो खरेदी आणि देखभालीच्या फायलीवर सही करणाऱ्याचा आहे.

‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यायची आहे. नियम कडक आहे, पण घड्याळ सुरू होते ते कुणाच्या तरी लक्षात आल्यावर. ‘साहेब, माझ्याकडून काहीतरी उघडले गेले’ असे सांगणाऱ्याच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडणार असेल, तर तो संगणक बंद करून घरी जाईल आणि हेर रात्रभर निवांत काम करील. स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी आश्वासन प्रत्येक खात्याने द्यावे. मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत खासगी ईमेलवरून आदेश काढण्यास बंदी घालावी आणि ती आधी सचिवांना लागू करावी. संरक्षण खात्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांनाही कंत्राट देतानाच या अटी घालाव्यात, आणि त्यांचा खर्च कंत्राटाच्या रकमेत धरावा.