सेवायात्रा आणि घराचा धनी

परदेशांतील ख्रिस्ती मंडळ्यांतून आठ-पंधरा दिवसांच्या सेवायात्रा निघतात, एखाद्या दरिद्री कुटुंबासाठीं स्वहस्तें घर उभें करतात आणि किल्ली देऊन परत जातात. या उपक्रमाकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोनच तऱ्हा आहेत. एका पक्षास त्यांत केवळ धर्मांतराचा गळ दिसतो, दुसऱ्यास निर्भेळ भूतदया. आमच्या मतें दोन्ही पक्ष मूळ प्रश्न चुकवितात. तो प्रश्न असा कीं, घर बांधलें जात असतां त्याचा धनी कोण असतो?

आपल्या प्रांतांतील गाजलेलें उदाहरण लोणावळ्याजवळील मळवलीचें. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही ख्रिस्ती प्रेरणेची संस्था फुलर दांपत्यानें १९७६ सालीं अमेरिकेंत स्थापिली. तिच्या वतीनें २००६ सालीं माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर सपत्नीक मळवलीस आले आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांसह शंभर घरांचें काम एका आठवड्यांत करण्याचा संकल्प झाला. या संस्थेचें तत्त्व गौरवास पात्र आहे. घर फुकट द्यावयाचें नाहीं. कुटुंबानें स्वतः राबावें, नफा न लावलेलें कर्ज हप्त्यांनीं फेडावें, आणि धर्म कोणाचाहि विचारूं नये. फेडणारा मनुष्य मिंधा राहत नाहीं. भिक्षा आणि साह्य यांतील भेद येथें ओळखला गेला आहे.

परंतु यात्रेचा हिशेब निराळा आहे. अमेरिकेहून एका माणसाचें जाण्यायेण्याचें विमानभाडें लाखाच्या घरांत जातें. सरकारची ग्रामीण आवास योजना २०१६ सालीं सुरू झाली, तेव्हां दुर्गम भागांतील घरास १,३०,००० रुपये ठरले होते. म्हणजे दोघांच्या भाड्यांत एक घरकुल उभें राहतें! यावर समर्थक म्हणतात, “प्रवासानें जाणाऱ्याचें मन बदलतें.” बदलत असेल; पण मग त्यास तीर्थयात्रा म्हणावें. पंढरीस जाणारा वारकरी विठोबावर उपकार करावयास गेलों असें कधीं म्हणत नाहीं.

ही गोष्ट रेल्वेकांठच्या मळवलीपेक्षां गोंदिया जिल्ह्यांतील चिचगडसारख्या ठिकाणीं अधिक स्पष्ट होते. देवरी तालुक्यांतील, छत्तीसगडच्या सीमेकडील हा जंगलाचा मुलूख. तेथील गोंड कुटुंबाचें घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. मोहफुलें वाळवावयास आंगण हवें, धानाच्या ढोलीस कोरडा कोपरा हवा, गुरांस कोठा हवा. उद्यां तेथें अशी एखादी मंडळी उतरली तर काय होईल? नकाशा तिचा, तारीख तिची, थापी तिच्या हातीं. ज्यास माती आणि बांबू यांचें ज्ञान बापाकडून मिळालें तो पाहुण्यांस पाणी देत उभा राहील. ज्यानें जन्मांत वीट रचली नाहीं तो भिंत रचील. आणि गांवच्या गवंड्याची रोजी मात्र बुडेल. अशा घरांत कुटुंब राहील, पण पाहुण्यासारखें.

आतां धर्मांतराच्या नांवें गर्जना करणाऱ्या आमच्या सुशिक्षित बंधूंस एकच विचारावयाचें आहे: आपण चिचगडास कधीं गेलां आहांत काय? परका सात समुद्र ओलांडून येतो, आणि आपणांस नागपुराहून देवरीपर्यंतची वाट लांब वाटते! ज्यानें शेजाऱ्याच्या गळक्या छपराकडे कधीं मान वर करून पाहिलें नाहीं, त्यास छपर घालणाऱ्याचा देव कोणता हें विचारण्याचा अधिकार नाहीं.

आणि करण्याजोगें काम समोरच आहे. सरकारी योजनेच्या नियमांप्रमाणें ठेकेदारास मज्जाव असून घर कुटुंबानेंच बांधावयाचें असतें. म्हणजे धनी कुटुंबच. पण कागद जुळवितां जुळवितां आणि हप्त्याची वाट पाहतां पाहतां तो धनी याचक बनतो. तेथें थापी धरणारा पाहुणा नको. कचेरींत त्याच्या शेजारीं बसणारा, अर्ज लिहून देणारा, हप्ता येईपर्यंत गवंड्याच्या मजुरीपुरती रक्कम बिनव्याजी देणारा सोबती हवा. ख्रिस्ताच्या नांवें येवो कीं विठोबाच्या, असा सोबती धर्माचेंच काम करील. त्याचें छायाचित्र कोणी काढणार नाहीं. मात्र उंबऱ्यावर उभें राहून “या, बसा” असें म्हणणारा त्या घराचा खरा धनी असेल.