बोट तुटलं, तरी माल का सुटला?

जून २०२४. मालाडमधल्या एका तरुण डॉक्टरला ऑनलाइन मागवलेल्या आइस्क्रीमच्या कोनमध्ये काहीतरी कडक लागलं. आधी सुकामेव्याचा तुकडा वाटला, मग नख दिसलं. पोलीस माग काढत इंदापूरच्या कारखान्यात पोहोचले. तिथल्या एका कामगाराचं बोट मे महिन्यात कापलं गेलं होतं आणि डीएनए त्याच्याशी जुळला.

अशा वेळी समजूतदार मंडळींचा युक्तिवाद ठरलेला असतो : लाखो नगांत एखादा असा निघायचाच, घरच्या भातातही खडा लागतो. पण घरी आपण तांदूळ निवडून घेतो. सीलबंद कोन निवडून खायचा कसा? निवडायचं काम कारखान्याने करायचं, म्हणून तर आपण पैसे मोजतो.

दुसरा बचाव यंत्रांचा. गोठलेल्या मालात काही शोधणं अवघड, असं सांगतात. धातूपुरतं तरी हे उलटं आहे. ओल्या, खारट मालातली वीजवाहकता मेटल डिटेक्टरला चकवते. गोठलेल्या मालात हा त्रास कमी होतो. काच, दगड, हाड यांसाठी एक्स-रे यंत्र असतं. बोटाचा मऊ तुकडा मात्र मेटल डिटेक्टरला दिसत नाही आणि एक्स-रेतूनही सहज निसटतो, हे कबूल. पण इथे यंत्राची गरजच काय होती? माणसाचं बोट तुटलं, रक्त सांडलं, हे शेजारी उभ्या असलेल्या कुणालाच कळलं नाही? मग तुटलेला तुकडा कुठे गेला, हे विचारायला कुठलं यंत्र लागतं?

बोट सापडेपर्यंत लाइन बंद ठेवायची आणि त्या वेळचा सगळा माल अडवून ठेवायचा, एवढंच करायचं होतं. माल बाहेर पडला असेल तर परत मागवायचा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २८ नुसार ही जबाबदारी उत्पादकाचीच आहे. त्यासाठी ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहायची नसते. आणि अन्नात बाहेरचा पदार्थ निघाला तर कलम ५४ खाली दंड किती? जास्तीत जास्त १ लाख रुपये. दिवसभराचा माल अडवण्यापेक्षा हा स्वस्त पडत असेल, तर मालक कुठलं गणित मांडेल ते सांगायला नको.

पण नुसता दंड वाढवूनही भागणार नाही. कामगाराची दुखापत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कक्षेत येते, आइस्क्रीम अन्न व औषध प्रशासनाच्या. अपघाताची नोंदवही एका कपाटात, बॅचची दुसऱ्या. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने पहिल्याच भेटीत दोन्ही वह्या मागवून तारखा शेजारी-शेजारी ठेवाव्यात. अपघाताच्या दिवशीची बॅच अडवलेली दिसली नाही, तर परवाना तिथल्या तिथे स्थगित करावा. इंदापूरच्या कारखान्याचा परवाना स्थगित झालाही, पण तोवर कोन मालाडला पोहोचून कुणाच्या तरी तोंडात गेला होता.